राखून ठेवलेला कान

आमच्याकडे लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, असं बजावायचं म्हणून. मला एकच बहीण, धाकटी. आई गेल्यावर तिच्या वेण्या मीच घातल्या. तेव्हा हा मान माझा, यात वादच नव्हता.

मी फौजेत. त्या वर्षी शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत होतो. आमची मुदत संपली, बदली पलटण ठरली, निरोपाचा बडाखाना, म्हणजे सगळ्या पलटणीची मेजवानीसुद्धा झाली. निघताना सामान मागे राहणाऱ्यांना वाटायची रीत. मी बादली, किटली, पंखा, सगळं मोठ्या दिलानं देऊन बसलो. आणि कोरोना आला! विमानं बंद. येणारे तिकडेच, आम्ही इकडेच. निरोप घेऊन झालेला माणूस रोज सकाळी पुन्हा हजेरीला उभा. बादली परत मागायचीही लाज वाटायची.

घरी, मूर्तिजापूरला, बहिणीचं लग्न दोनदा पुढे ढकललं. शेवटी मीच बाबांना फोनवर म्हटलं, "उरकून टाका." म्हटलं खरं, पण त्यांनी लगेच बरं म्हटलं याचा मला राग आला. आता चुलतभाऊ कान पिळणार? पण बहीण अडून बसली, "दादाशिवाय कोणाले पिळू देत नाई मी." मोजकी माणसं, तोंडाला फडकी, असं ते लग्न मी फोनवर पाहिलं. नवरदेव म्हणाला, "साळेबुवा, कान तुमच्यासाठी राखून ठेवतो." मी हसलो आणि फोन ठेवून तोंडावर टॉवेल घेऊन पडून राहिलो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी सुटलो. विलगीकरण भोगून सुट्टीवर घरी पोचलो. बहीण सासरी, अमरावतीला. घर नुसतं खायला उठलं. बाबा आणि मी जेवायला बसायचो, दोघेही तिच्या जागेकडे बघायचो नाही. उद्या जाऊ म्हणेपर्यंत अमरावतीत पुन्हा कडक बंदी, जिल्ह्याची हद्द बंद. अरे, समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला बहिणीच्या वाटेवर अडवता? डोकंच फिरलं माझं.

सुट्टी संपत आली तेव्हा ती दोघं स्कूटरवर हद्दीच्या नाक्यापर्यंत आली. मी अलीकडे, ती पलीकडे. जावयानं कठड्यावरून मान पुढे केली. "घ्या साळेबुवा, पिळा!" मी हात उचलला तोच शिपाई ओरडला, "ओ भाऊ, दूर सरा! अंतर ठेवा!"

मग मी होतो तिथूनच हवेत बोटं आवळली आणि कान पिळला, चांगला करकचून. तो "आई गं" करत वाकडा झाला. शिपाईसुद्धा हसला. बहीणही हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "दादा, काहून इतका वाळला रे तू?"

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून माझी गाडी होती. कान लांबून पिळला. तिच्या डोक्यावर हात लांबून कसा ठेवू?