गोमाजीची पिपाणी

गोमाजी गेल्याची बातमी आणली ती पायात काटा मोडलेल्या एका गाडीवानाने. दवाखान्याच्या ओट्यावर बसून मी त्याचा काटा काढत होतो आणि तो दुखणं विसरावं म्हणून गावगप्पा सांगत होता. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं जमलेलं लग्न फिसकटलं... आणि मधेच, त्याच आवाजात, "आन थो पिपानीवाला गोमाजी गेला ना, कंपोंडरभाऊ. ताप आला आन गेला." मी काटा काढला, टिंक्चर लावलं, पट्टी बांधली. तेवढं काम हातून नीट झालं. मग आत जाऊन बराच वेळ उगाच बाटल्या पुसत बसलो. त्याला आता काही आठवडे झाले. मेलेला माणूस चार दिवसांत सद्गुणांचा पुतळा होतो, हे दवाखान्यात राहून मी पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून मुद्दामच थोडा थांबून लिहितो आहे. गोमाजी पुतळा नव्हता. चिडका होता, हट्टी होता, आणि औषधाची कडू पुडी खाल्ल्याचं सोंग करून ती धोतराच्या सोग्यात बांधून नेणारा होता.

त्याचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर, वैनगंगेच्या काठाला आणि जंगलाच्या तोंडाशी. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या, आणि पाठीमागे साग-मोहाचं रान. अशा गावात कोल्हा टरबूज फोडतो, लांडगा बकरीचं पिल्लू नेतो, आणि त्याला कुणी बातमी म्हणत नाही. गावात परवान्याची एकच ठासणीची बंदूक होती, ती झिबल नावाच्या शेतकऱ्याकडे. पण लांडग्यामागे धावून तो कुणाला सापडला आहे? त्याला बोलवावं लागतं. बोलवण्याचं हे काम गोमाजीच्या घरात बापाच्या बापापासून चालत आलेलं होतं. बोटभर लांबीची बांबूची नळी आणि तिच्या तोंडाशी बसवलेली शिंदीच्या पानाची पातळ जीभ, एवढीच त्याची पिपाणी. ती फुंकली की कुत्र्याच्या जबड्यात सापडलेल्या सशासारखी किंकाळते. आयता घास मिळेल या आशेने कोल्हा-लांडगा झुडपातून बाहेर येतो आणि झिबलचं काम सोपं होतं.

त्या घराची एक रीत होती. हाक घालणाऱ्याने बंदुकीला हात लावायचा नाही. आणि जनावर पडो की निसटो, ते जिथवर आलं तिथे जाऊन मूठभर तांदूळ ठेवायचे, कारण हाक खोटी होती, ससा तिथे नव्हताच. "खोटं बोलावलं, राग नोको मानू," एवढं म्हणायचं आणि मागे न बघता परत यायचं. मी एकदा त्याला विचारलं, लांडगा कधीपासून तांदूळ खायला लागला? तर म्हणाला, "थो नाई तं चिमन्या खातीन. आपन देल्ले ना, झालं." मी त्याला खोकल्याचं औषध दिलं.

खोकला तेव्हा नुकताच सुरू झाला होता. पहिल्या निवडणुकीच्या आसपासची गोष्ट. मग थुंकीतून रक्त पडलं आणि डॉक्टरांनी क्षयाचं निदान केलं. नव्या सुया तेव्हा आमच्यापर्यंत पोचू लागल्या होत्या, त्यामुळे माणूस वाचण्याची आशा होती. पण डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की, पिपाणी फुंकणं बंद, जन्मभर बंद. सुया टोचणारा मी, म्हणून हे त्याच्या गळी उतरवण्याचं कामही माझ्याकडे आलं. त्याने ऐकून घेतलं. दंडावरचा कापूस चोळत म्हणाला, "शेती तं सारेच करते, भाऊ. फुंकनं गेलं तं मंग मी कोन?" त्याला मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि त्याची बायको बायजाबाई, दोघंच. हाक त्याच्यापाशी संपणार हे त्याला ठाऊक होतं, पण ती आपल्या जिवंतपणीच संपावी हे त्याला सोसत नव्हतं. मला त्याची कीव आली, आणि रागही आला. फुफ्फुस सडत असताना माणसाने पिपाणीसाठी झुरावं, याचा राग.

त्याच हिवाळ्यात लांडग्यांची एक जोडी गावाला लागली. पिल्लं गेली, मग मोठ्या बकऱ्या गेल्या, आणि एका सकाळी अंगणातल्या पाळण्यापर्यंत पावलं उमटलेली दिसली. पाळण्यात मूल नव्हतं म्हणून निभावलं. झिबल गोमाजीच्या दारी आला. "तू नाई बोलावशीन तं कोन बोलवन?" एवढंच म्हणाला. गोमाजीने माझ्याकडे निरोप धाडला की, यंदा मार्कंड्याच्या जत्रेत कमी दमाची पिपाणी मिळते का बघतो, ती हळूच फुंकीन. मी उलट निरोप पाठवला, फुफ्फुसाला 'हळूच' कळत नाही. आणि त्याच्यावर भरवसा नसल्याने महाशिवरात्रीला त्यांच्याच बैलगाडीत जाऊन बसलो.

मार्कंड्याला देवदर्शन आटोपून आम्ही सरळ दुकानांकडे वळलो. नागपूरकडच्या एका व्यापाऱ्याने शिसवी लाकडाच्या, पितळेचं तोंड बसवलेल्या शिकारी पिपाण्या मांडल्या होत्या. गोमाजी तिथेच खिळला. काळी चकचकीत नळी त्याने हातात घेतली, धोतराला पुसली, पुन्हा पुसली. तोंडाला लावणार तोच बायजाबाईने ती त्याच्या हातून काढून घेतली. ही बाई गाडीत वाटभर एक शब्द बोलली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि पिपाणी फुंकली. आवाज खणखणीत, सरळ, गोड निघाला. दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. तिच्या डोळ्यांत दमाने पाणी आलं. पिपाणी खाली ठेवत नवऱ्याला म्हणाली, "ससा मरून राह्यला का गानं म्हनून राह्यला?" हे वाक्य त्याचंच होतं. दुसऱ्यांच्या पिपाण्यांना नावं ठेवताना तो नेमका हेच म्हणत असे. व्यापारी हसला, मीही हसलो. गोमाजी मात्र फुगून बसला. ती पितळी पिपाणी त्याच्या मनात भरली होती आणि ती घेणं परवडणारं नव्हतं, आणि आता तर न घेण्याला परवडण्याचं कारणही उरलं नव्हतं, तिचा आवाजच सशाचा नव्हता.

मग आम्ही एका बांबूकाम करणाऱ्याच्या टोपलीपाशी बसलो. तिथे मातीमोल भावाच्या पिपाण्यांचा ढीग होता. गोमाजीचा रुसवा तिथे हळूहळू उतरला, कारण निवडणं हे त्याचं आवडतं काम होतं. नळी उन्हाकडे धरून तडा बघायचा. नखाने जीभ उचलायची. लगेच परत बसली तर बरी, आळसावली तर टाकायची. जाड जिभेला दम फार लागतो, पातळ जीभ उन्हाळ्यात चिरते, म्हणून पातळच घ्यायची पण स्वस्त घ्यायची, म्हणजे चिरली तर जीव हळहळत नाही. "महाग पिपानी मानूस पेटीत ठेवते," तो मला म्हणाला, "आन पेटीत लांडगा येत नाई." एवढी चाळणी लावून उरलेल्या पिपाण्या घेऊन आम्ही नदीच्या रेतीत गेलो. बायजाबाई एकेक फुंकायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. "हा म्हातारा ससा हाय." "हे मांजर." "याले पडसं झालं." शेवटी एक अशी वाजली की आवाज वर चढताना मधेच फाटला आणि चिरकत खाली आला. जत्रेतली कुत्री रेतीतून धावत आली आणि तिच्याभोवती हुंगत फिरू लागली. गोमाजीने डोळे उघडले. कुत्र्यांकडे बघितलं, मग बायकोकडे. "हेच घे," म्हणाला. कोण फुंकणार हे त्या क्षणी ठरलं.

चैत्रात मोह गळू लागला तेव्हा एका पहाटे आम्ही नाल्याकाठी बसलो. मला बोलावलं होतं ते गोमाजीच्या खोकल्यासाठी. त्याच्या गालात ज्येष्ठमधाची काडी ठेवून देण्याएवढंच माझं शौर्य. पुढे झाडाआड झिबल, त्याच्या मागे बायजाबाई, आणि तिच्या पाठीवर पंजा ठेवून गोमाजी. पंजा दाबला की फुंकायचं, उचलला की थांबायचं, असं त्यांनी घरी ठरवलं होतं. फुंकणं कुणालाही येतं, असं तो म्हणे. नवखा चुकतो तो थांबण्यात. भ्यायलेला माणूस फुंकतच राहतो, आणि खरा ससा तर लवकर गप्प होतो. "कोल्हा आवाजानं निघते, पन येते थो चुपीनं," हे त्याने मला आधी कितीदा तरी सांगितलं होतं आणि मी ते थापेत जमा केलं होतं. त्या पहाटे पाहिलं. पिपाणी किंकाळली, किंकाळली, आणि पंजा उचलला गेला. काहीच नाही. पाखरंसुद्धा गप्प. त्या शांततेत गोमाजीला खोकल्याची उबळ आली. मला वाटलं, झालं, सगळं बुडालं. त्याने बायकोच्या पाठीत तोंड खुपसलं आणि तिथेच खोकला. तिचं अंग हादरत होतं, पण तिने मान वळवली नाही. तेवढ्यात नाल्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळीपाशी लांडगा उभा असलेला दिसला. कधी आला कळलं नाही. झिबलने बार काढला.

एक पडला. दुसरा त्या दिवसानंतर त्या शिवारात कुणाला दिसला नाही. माणसं धावत आली, झिबलची पाठ थोपटली गेली, आणि इकडे नवरा-बायकोचं वेगळंच भांडण लागलं. तांदूळ कुणी ठेवायचे? ती म्हणे, "फुंकलं म्या, खोटं माह्यं." तो म्हणे, "फुंक म्हनलं म्या, खोटं माह्यं." शेवटी दोघांनीही ठेवले. परत येताना मी त्याला म्हटलं, जमलं की रे. तर तोंड वाकडं करून म्हणतो, "एक फुंक जास्ती झाली तिची." पण त्याचा चेहरा मी बघत होतो. इतका सुखी माणूस मी दवाखान्यात कधी पाहिला नाही.

सुयांनी गुण आला. अर्ध्यामुर्ध्या फुफ्फुसावर तो पुढे काही वर्षं जगला, आणि बायजाबाईच्या मागे बसून हाका घालत राहिला. लोकही "गोमाजीले बोलवा" असंच म्हणत. बायजाबाईला बोलवा असं कुणी म्हणालं नाही. आसपासच्या गावचे लोक पिपाणी निवडून घ्यायला त्याच्याकडे येऊ लागले. गिऱ्हाईकाला तो पहिला प्रश्न विचारी, "कोनाले बोलवाचं हाय?" आणि दुसरा, "आल्यावर काय करशीन?" दुसऱ्याला ज्याच्याकडे उत्तर नसे त्याला तो पिपाणी निवडून देत नसे. मग थंडीत ताप आला. उरलेल्या फुफ्फुसाला तो पेलला नाही. मला बोलावणं येण्याइतकाही वेळ नव्हता असं म्हणतात, आणि ते खरं असणार. तरी मला बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या गावी गेलो. बायजाबाई अंगणात बसली होती आणि समोर नदीपलीकडून पिपाणी निवडून घ्यायला आलेली दोन माणसं होती. त्यांच्या टरबुजाच्या वाडीत कोल्हे शिरत होते. ती पिपाणीची जीभ नखाने उचलून बघत होती. मी बाजूच्या बाजेवर टेकलो. बोलता बोलता, कंपाउंडरची जात, न राहवून विचारून गेलो, आता तुम्ही एकट्या कशा फुंकणार? कुठे थांबायचं ते कोण सांगणार? ती पिपाणी बघतच म्हणाली, "थे तं मले पयल्याच साली समजलं होतं, भाऊ. कुठी थांबाचं थे." मी म्हटलं, मग इतकी वर्षं पाठीवर हात कशाला? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं आहे. "हाक त्याईची होती ना," ती म्हणाली. "म्या आपल्या मनानं थांबली असती तं थे घरी बसले असते."

तिने पिपाणी उन्हाकडे धरली, तडा नाही हे पाहिलं आणि त्या माणसांच्या हाती दिली. "दोघं जाजा," म्हणाली. "एकट्यानं नोका फुंकू."

त्यांच्यातला एक हसला. "कोल्ह्यासाठी दोघं कायले, बाई?"

"एकानं फुंकाचं," बायजाबाई म्हणाली. "दुसऱ्यानं थांबवाचं."