आंभोऱ्याची बस निघून राहिली

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी सहाला वसतिगृहाच्या कोठीतून न्याहारीचे पोहे आणि दुपारचे डाळ-तांदूळ मोजून दिले, कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. रात्रीचा शिधा परत आल्यावर देणार होते. कोठीची किल्ली एकच असावी आणि ती रेक्टरकडेच असावी, हा माझा नियम. साताऱ्याहून नागपूरला येऊन मला दोनच महिने झालेत, पण तेवढ्यात चाळीस मुली आणि स्वयंपाकीण कांताबाई या नियमाला पुरत्या कंटाळल्या आहेत.

एसटीने कुहीमार्गे आंभोऱ्याला पोचले. टेकडीवर महादेवाचं जुनं देऊळ, खाली संगम. पायऱ्या मोजत चढायचं ठरवलं होतं; निम्म्यात दम लागला आणि आकडाही विसरला. वर दगडी खांबांना टेकून बसल्यावर मात्र बरं वाटलं. इकडचे लोक इथे पाच नद्या सांगतात. मी वैनगंगा आणि कन्हान एवढ्या दोनच ओळखायच्या ठरवून आले होते. पण धरणाचं पाणी इथवर फुगलंय, सगळीकडे एकच रुंद, संथ पाणी. डावीकडची ती कन्हान, असं मीच ठरवून सहा फोटो काढले आणि फुलं विकणाऱ्या आजोबांना दाखवले.

"ते बुडीत आहे, बाई," ते म्हणाले. (बुडीत म्हणजे धरणाखाली गेलेली जमीन.) "तिथं वावर होतं. तुम्ही वावराचा फोटो काढला जी."

खाली उतरून टपरीवर आलूबोंडा (आपला बटाटेवडा, पण झणझणीत रश्शात बुडवलेला) घेतला. नाक-डोळे पुसत खात होते, तेवढ्यात टपरीवाली ओरडली, "बाई, नागपूरची बस निघून राहिली!"

गेली तर गेली, म्हटलं. धावून काय उपयोग? "पुढच्या बसनं जाईन. अजून एक द्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पाठीमागे हॉर्न वाजला आणि बस धूळ उडवत गेली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तुमचीच! सांगून तं राहिली होती मी. काहून उठल्या नाही? आता आज बस नाही."

इकडे 'निघून राहिली' म्हणजे 'निघते आहे', हे मला तेव्हा कळलं. पर्समध्ये किल्ली होती. नागपुरात चाळीस मुली आठ वाजता ताटं घेऊन बसणार होत्या.

टपरीवालीने दिराच्या टेम्पोत बसवून दिलं. मागे वांग्यांची पोती, पुढे मी. दीर म्हणाला, "वहिनी म्हणे, तुमाले मराठी येत नाही." साताऱ्यात मी वीस वर्षं मराठी शिकवली, हे त्याला सांगितलं नाही.

कुहीला उतरले तेव्हा सहा वाजून गेले होते. कांताबाईंना फोन केला.

"मॅडम, पोरी भुकेल्या होतील. आम्ही कुलूप तोडून राहिलो."

या वेळी मला बरोबर समजलं. कुलूप अजून तुटलं नव्हतं. 'थांबा' म्हणायला वेळ होता, आणि तो शब्द जिभेवर आलाही होता.

"तोडा," मी म्हटलं. "हातोडी घ्या."

"हातोडी कोठीत आहे, मॅडम."

"मग दगड घ्या."

पोचले तेव्हा नऊ वाजले होते. मुली जेवून अभ्यासाला बसल्या होत्या. माझ्यासाठी ताटभर खिचडी झाकून ठेवलेली. कोठीचं दार सताड उघडं, कडी वाकलेली. मी तांदळाचा डबा उघडून पाहिला. कांताबाईंनी माझ्याच मापाने घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किल्ल्यांचं नवं कुलूप आणलं. एक किल्ली कांताबाईंच्या हातात दिली. दुसरी कुठे ठेवावी याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "मॅडम, चहा निवून राहिला!"

मी धावत गेले. चहा गरम होता.