कानशिलावरचा डाग

पिंपळगावच्या रेणुकाई देवीकडे मी गेलो तो श्रद्धेनं नव्हे, बायकोच्या हट्टापायी. तिचं अर्धं डोकं दुखायचं. डाव्या कानशिलातून निघालेली कळ गालात, कानात, डोळ्यामागे जायची आणि ती चुलीपुढे डोकं धरून बसायची. निजामाच्या राजवटीतले ते शेवटचे दिवस. आमच्या गावात अर्धशिशीवर एकच इलाज होता, कानशिलावर तापल्या सळईचा डाग. चार लोक म्हणाले आणि मी स्वतः तिचे हात धरून तो देवविला. दुखणं हललं नाही. मग मला वाटू लागलं, बाई कामाचा कंटाळा करते. तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

अमावास्येला कपाळावर दुसरा डाग द्यायचं ठरलं. त्याआधी पिंपळगावच्या देवीला जाऊन येऊ, असा तिनं जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. मी कुरकुरतच बैल जुंपले.

दर्शन घेऊन आम्ही देवळाच्या ओट्यावर खोबऱ्याचा प्रसाद खात बसलो. शेजारी एक अनोळखी म्हातारी बांगड्यांची टोपली घेऊन टेकली होती. बराच वेळ बायकोकडे बघून ती म्हणाली, "बाई, तू एकाच अंगानं चावून राह्यलीस. डाव्या दाढंला काय झालं?"

"दाढ न्हाई दुखत, मावशी. मिसरी लावते, बधिर ऱ्हाती."

म्हातारीनं तिच्या डाव्या गालावर अंगठा दाबला. बायको किंचाळली.

"मंग डोकं कशाला डागलं?" म्हातारी माझ्याकडे वळली. "जल्दी भोकरदनच्या दवाखान्यात न्या हिला."

तिथल्या डॉक्टरांनी दाढ काढली. मुळाशी पू साचला होता. डोकं दुखतं म्हणून रोग डोक्यातच असतो असं नाही, दात, नाक, कान, डोळे सगळं बघावं लागतं, असं ते म्हणाले. आठवडाभरात कळा थांबल्या.

नारळ घेऊन मी पुन्हा देवळात गेलो, तर तशी म्हातारी कुणाच्याच ओळखीची नव्हती. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. मला बोचतं ते वेगळंच. बारा वर्षांच्या संसारात मी बायकोला जेवताना पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे आधी पुरुषांची ताटं, बायका मागून चुलीशी. मी हात धुऊन बाहेर पडायचो आणि ती एका अंगानं भाकर चघळत बसायची.

"मला सांगितलं का न्हाई?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही इचारलं कुठं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवतो. ती समोर बसते, पदर सरकला की डाग दिसतो आणि माझा घास अडतो. रेणुकाई, माझा शहाणपणा मी तुझ्या पायरीवर ठेवला. तू तिचं दुखणं नेलंस आणि डाग माझ्यासाठी ठेवलास, बरंच केलंस.