बंद केलेल्या आयडीवरून आलेलं बुकिंग

भूत-बीत काही नसतं, हे मी आजही चारचौघांत ठासून सांगतो. पण बीड जिल्ह्यातल्या केजमधली ती दुपार आठवली की गप्प बसतो...

दुष्काळाचं वर्ष होतं. आमची सहकारी संस्था जीपगाड्या भाड्याने द्यायची. धंदा बसत चालला, तेव्हा संचालकांनी पुण्याहून महागडं सॉफ्टवेअर आणलं, गाडी गिऱ्हाइकानंच चालवायची असं ठरवलं आणि सगळे ड्रायव्हर कमी केले. बुकिंग टाकायचे त्यांचे आयडी ऑफिस सांभाळणाऱ्या मीच बंद केले. शेवटचा निवृत्तीमामांचा. जाताना म्हणाले, "तुला काय बोलू बाबा, तू निस्ता बटन दाबणारा." आणि ऊसतोडीला कर्नाटकात गेले.

मग ऑफिसात मी एकटाच. दिवसदिवस बुकिंग नाही. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून मी मोठ्याने पेपर वाचायचो.

फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे अडीच. स्क्रीनवर बुकिंग आलं — निवृत्तीमामांच्या आयडीवरून! 'तळ्यामागची वस्ती. बाई बाळंतपणाला अडलीय. लवकर.'

सॉफ्टवेअरची गडबड असेल, म्हणून स्क्रीनवरची ती खिडकी बंद करणार होतो. पण ती वस्ती सॉफ्टवेअरच्या नकाशात नव्हतीच. ती फक्त जुन्या ड्रायव्हरांना माहीत, आणि त्यांच्याकडून ऐकून मला. मीच जीप काढली.

तळं कोरडं ठाक. वस्तीवरच्या घरांना कुलपं, सगळे ऊसतोडीला. एका दारात म्हातारी उभी होती, आत तिची सून कळांनी तळमळत होती.

"कुणी धाडलं रं तुला?" म्हातारी रडायलाच लागली. "फोन न्हाई, माणूस न्हाई... आमी कुणालाच सांगितलं न्हाई!"

सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. अजून उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी ऑफिसात येऊन पाहिलं, तर बुकिंगची नोंदच नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, असा आयडी सिस्टीममध्ये उरलेलाच नाही. शेवटी मामांना फोन लावला.

"मामा, आज दुपारी कुठं होता?"

"उसाच्या फडात. का रं?"

सगळं सांगितलं.

"मला त्यातलं काय बी ठाव न्हाई. लई दिसात त्या वस्तीची आठवन बी न्हाई आली." मग म्हणाले, "पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे."

"आन् तू?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

ते बुकिंग कुणी टाकलं, मला आजही कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मात्र मामांनी फोन ठेवला नाही. पलीकडे उसाच्या मोळ्या ट्रकवर पडत होत्या, आणि मी कानाला फोन लावून ते ऐकत बसलो.