खुनी कोण हो, जावईबापू?

आधी चहा संपवा, मग सांगतो, नाहीतर ठसका लागेल. इथे हॅमिल्टनच्या एका थिएटरात मी स्वतःची जी शोभा करून घेतली ना, ती आता अख्ख्या पुण्याला पाठ आहे.

सासूबाई पुण्याहून येऊन आमच्याकडे चार महिने होत्या. मी डॉक्टर, बायकोही डॉक्टर. आमच्या ड्युट्यांपायी त्यांना सुपरमार्केटपलीकडे काही दाखवलंच नव्हतं. जायला दोन दिवस उरले तेव्हा बायको म्हणाली, "अरे, आईला एक पिक्चर तरी दाखव!"

मी नाइट करून आलेलो, उभ्या उभ्या पेंगत होतो. जाहिरातीत दिसलं, इटालियन सिनेमा, ज्येष्ठ दिग्दर्शक. म्हटलं, म्हातारबुवांचा पिक्चर म्हणजे द्राक्षाचे मळे आणि संथ संगीत. दोन तास मस्त झोप! पुढचं वाचायचे कष्ट कोण घेणार?

पहिल्या पाच मिनिटांत मुडदा पडला. काळे हातमोजे घातलेला खुनी, रक्ताचे पाट! मला घाम फुटला.

"आई, निघू या का?"

"गप्प बसा हो! खुनी घरातलाच आहे," सबटायटल्सवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. जन्मभर रहस्यकथा वाचलेली बाई ती!

मग काय, मी निर्धास्त झोपलो. घोरायलाही लागलो म्हणे. खुनी आता कळणार, तेवढ्यात आईंनी वैतागून मला हलवलं. डोळे उघडतो तर पडद्यावर सुरा आणि माझ्या गळ्याशी काळा हातमोजा! आईंचाच तो, थंडी वाजते म्हणून मीच घेऊन दिलेला, आतसुद्धा काढत नव्हत्या हो!

असा किंचाळलो, की पुढच्या आजोबांचे पॉपकॉर्न उडाले आणि मी दोन खुर्च्यांच्या मधे अडकलो. पिक्चर थांबला, दिवे लागले. मॅनेजर धावत आला, "इथे कुणी डॉक्टर आहे का?"

आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हेच!"

आईंनी मला बाहेर बसवून पाणी पाजेपर्यंत आत पिक्चर पुन्हा सुरू होऊन शेवट होऊनही गेला. आई बिचाऱ्या तशाच पुण्याला परतल्या. आता रोज फोन, "खुनी कोण हो, जावईबापू?"

फार वाईट वाटायचं. शेवटी काल ड्युटीवरून परस्पर गेलो, एकटाच, फक्त शेवट बघायला. जाग आली तेव्हा थिएटर रिकामं होतं आणि एक माणूस व्हॅक्यूम फिरवत होता. लाज सोडून त्यालाच विचारलं, "खुनी कोण निघाला रे?"

"ते नाही माहीत, मेट. पण त्या दिवशी किंचाळलेला डॉक्टर तूच ना?"