न्हाणीतल्या हंड्यावरची बोटं

या सदरातल्या हडळी आणि चकवे मी दर महिन्याला वाचतो, आणि दर महिन्याला चिडतो. लोकांना प्यायला धड स्वच्छ पाणी नाही आणि आपण छापतो काय — तर पिंपळावरची बाई! असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही नाही. संपादकांना तसं खरमरीत पत्र लिहायलाच बसलो होतो. तिसऱ्या ओळीला हात थांबला. एक गोष्ट माझ्याही घरात घडली आहे. ती लपवून दुसऱ्यांना खोटं पाडणं ही शुद्ध लबाडी झाली.

आमचं गाव उचगाव, बेळगावाहून सायकलीनं तासाभराचं. घरात आई, थोरली बहीण आक्का आणि मी. वडील माझ्या लहानपणीच गेले. आक्काही नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. आमची न्हाणी म्हणजे परसात टाकलेला एक दगड, त्याला तीन बाजूंनी तुरकाट्यांचा कूड, आणि चौथ्या बाजूला जुनं लुगडं टांगलेलं. कोपऱ्यात तांब्याचा हंडा, मातीच्या चुलीवर कायमचा बसवलेला. आई उजाडायच्या आत आंघोळ उरकायची — थंडी असो, ताप असो. कारण उजाडलं की मागच्या वाटेनं माणसं शेताला जायची, आणि कुडातून सगळं दिसायचं. उभ्या जन्मात त्या बाईनं उजेडात आंघोळ केली नाही. गावोगाव हेच होतं, आणि कुणाला त्याची लाज नव्हती!

मी यावर पत्रक काढलं. घरोघर बायकांना चार भिंतींची, आतून कडी लागणारी न्हाणी हवी, म्हणून गावोगाव बोलत सुटलो. पत्रकात आमच्याकडच्या पाणी भरायच्या सणावर एक झणझणीत परिच्छेद होता. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे न्हाणी सारवतात, हंडा घासून त्याला चुन्याची बोटं ओढतात, गळ्यात कडू कारटाचा, म्हणजे कारिटाचा, वेल बांधतात, पूजा करून पाणी भरतात आणि पहाटे त्याच पाण्यानं आंघोळी होतात. मी लिहिलं होतं, ‘ज्या घरात बाईला आडोसा नाही, तिथं भांडं नटवण्याचा हा मूर्खपणा कशाला?’

आईला वाचता येत नव्हतं. मीच मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. ती भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “खरं हाय बाबा तुझं. पन भिंत न्हाय म्हनून हंडाबी उघडाच ठेवायचा व्हय रं?”

“आई, हे अज्ञान आहे.”

“असंल. तू भिंत बांध, मग बोलू. पन बांधलीस तर पैली बोटं मी वडनार, सांगून ठेवते. मग तुझं कागद काय बी म्हनू देत.”

आक्का तिकडून म्हणाली, “त्यो कशाला बांधतोय? साऱ्या मुलखाला न्हाणी सांगत फिरतोय, आनि आमी हितं लुगड्याआड.”

झोंबलं मला. गाडीभर विटा आणल्या. पण त्याच आठवड्यात गावात आमची सभा ठरली, व्यासपीठ नव्हतं, म्हणून त्या विटांचा चौथरा रचला. त्याच्यावर उभा राहून मी स्त्रियांच्या अब्रूवर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. चौथरा पुढच्या सभेसाठी तसाच राहिला... पावसाळा लागला, आणि श्रावणात आई तापानं गेली. शेवटच्या आठवड्यातसुद्धा आक्काचा हात धरून, काळोखात, त्या कुडामागे गेली होती.

यापुढचं भाषण मला कुणी ऐकवू नये. मी स्वतःला ऐकवलं आहे.

चौथरा मी स्वतः फोडला. बसाप्पा गवंड्याला बोलावून त्याच विटांनी कुडाच्या जागी न्हाणी बांधायला काढली. चार भिंती, वर कौलं, उजेडाला एक काचेचं कौल. भिंतींना आतून पांढरा चुना. शिकेकाई ठेवायला कोनाडा, लुगड्याला दोन खुंट्या, आणि दाराला आतून जाडजूड कडी. धूर नको म्हणून चुलीचं तोंड भिंतीबाहेर काढलं. हंडा जुनाच, चिंच-राखेनं लखलखीत घासून दूरच्या कोपऱ्यात बसवला. जमीन सिमेंटची — गावात पहिलीच.

नेमकी पाणी भरायच्या सणादिवशी सकाळी बसाप्पानं ती जमीन घोटली. मागं मागं सरत दारापर्यंत आला, उंबऱ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि म्हणाला, “पुढारी, चार दिस आत पाय टाकायचा न्हाय. मांजराचा पाय पडला तरी कायमचा ऱ्हाईल.”

मी कुलूप घातलं. किल्ली कोटाच्या खिशात. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. सण आपोआप टळला होता.

“शिमिट वाळंना म्हनून सण थांबतोय व्हय?” आक्का कढईपुढून म्हणाली.

“यंदा नाही, आक्का. सुतकाचं वर्ष आहे, म्हण.”

“सुतक तुला कवापासनं आठवाय लागलं?” तिनं चकली उलटली.

दिवसभर आम्ही दोघं परसात त्या दारासमोरच होतो. ती तळत होती, मी पत्रकं घडी करत होतो. मधे कुणी आलं-गेलं नाही. चारच्या सुमाराला बसाप्पा सिमेंट कितपत वाळलंय ते बघायला आला. मी किल्ली दिली. त्यानं दार उघडलं आणि तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

“अय्यो शिवने... पुढारी, कोन गेलतं आत?”

जमीन आरशासारखी. पाऊल नाही, बोट नाही, पाखराचा पंजासुद्धा नाही. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, काचेच्या कौलातून पडलेल्या उन्हात, हंड्याच्या पोटावर चुन्याची बोटं ओढलेली. ओली. एक थेंब आमच्यादेखत खाली ओघळला.

आता नीट ऐका. भात कापताना विळ्यानं आईचं उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर गेलं होतं. ती चार बोटं चुन्यात बुडवून वरून खाली ओढायची, तेव्हा तीन रेघा बरोबरीनं सुरू व्हायच्या आणि एक पेरभर खालून. लहानपणी मी त्या आखूड रेघेवर बोट ठेवून विचारायचो, ही अशी का? ती म्हणायची, “ती धाकटी हाय, मागनं येतीया.” शिकेकाईचा वास, तुरकाट्यांचा तडतड जाळ, पाठीवर तिचा खरखरीत हात... सगळं त्या आखूड रेघेला चिकटलेलं आहे.

हंड्यावर तीच रेघ होती.

मी अर्थातच चौकशी केली. आक्काचे हात बघितले. पिठानं भरलेले, बोटं धड. तिनं मला तपासू दिलं, याची आज लाज वाटते. भिंतीतला झरोका विटेएवढा, हंड्यापासून वाव-दीड वाव, म्हणजे सात-आठ फूट लांब. चुलीच्या तोंडातून हात घातला तर जेमतेम हंड्याच्या बुडाला लागतो. मधलं बोट दुमडून मी दुसऱ्या भांड्यावर रेघा ओढून पाहिल्या. तशा येत नाहीत.

शेवटी आक्का म्हणाली, “मोजलास का?”

आमच्या घरची रीत अशी, की आई घरातल्या प्रत्येक माणसामागं एकेकदा चार बोटं ओढायची. आक्काची, माझी. स्वतःची कधीच नाही. विचारलं तर म्हणायची, “माझं काय, मी उरल्या पान्यात उरकते.” आता घरात आम्ही दोघंच.

हंड्यावर बोटं तीनदा ओढलेली होती.

बसाप्पानं न सांगता लांब फळी आणली आणि उंबऱ्यापासून चुलीच्या कट्ट्यापर्यंत अलगद टाकली. तिच्यावरून मी घागरी नेल्या, हंडा भरला. आक्कानं कारटाचा वेल दिला, तो मी — होय, मीच — हंड्याच्या गळ्यात बांधला. पहाटे बाहेरून चूल पेटवली. पाणी तापल्यावर आक्कानं कोनाड्यात शिकेकाई ठेवली, खुंटीला आईचं लुगडं अडकवलं, आणि दार ओढून घेऊन आम्ही दोघं परसात उभे राहिलो. उजाडलं. मागच्या वाटेनं माणसं शेताला निघाली. दार बंद होतं, कुणाला काही दिसत नव्हतं. चांगलं ऊन आल्यावर आक्कानं दार ढकललं. उघडलं. आत कुणी नव्हतं. हंड्यातलं पाणी कमी झालं होतं का, ते सांगता येत नाही. आधी मोजायला हवं होतं. मोजलं नाही, हेही बरं वाटतं.

फळीच्या कडेचा वळ त्या सिमेंटात अजून आहे. बसाप्पा दरवर्षी म्हणतो, बुजवून देतो. मी नको म्हणतो. हंड्यावर दरवर्षी आक्का बोटं ओढते, तीनदाच. तिच्या चारही रेघा बरोबरीनं येतात.

कुणाकडे याचा उलगडा असेल तर जरूर कळवा, मी पत्रक काढून छापीन. मला तो सापडलेला नाही. पण तुमची आई अजून लुगड्याआड आंघोळ करत असेल, तर कळवत बसू नका. हे मासिक खाली ठेवा आणि आधी गवंडी बोलवा.