शिंपल्यातल्या चिखलाची रेघ

कोट्यवधी वर्षांपूर्वीची एक प्रवाळभिंत माझ्या डोक्यात पक्की उभी होती. तामिळनाडूतल्या एका बंद खाणीतून मी चुनखडकाचे तुकडे आणले होते. प्रवाळ समुद्रात जिथे वाढले तिथलाच हा दगड, असं प्रबंधातलं मुख्य प्रकरण लिहूनही झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या शेवटच्या काही स्लाइड तेवढ्या राहिल्या होत्या. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती.

स्लाइड काका करायचे. इब्रामपूरचे, आधी गवंडी, मग गुडघे कुरकुरायला लागल्यावर आमच्या प्रयोगशाळेत. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि आरपार उजेड जाईपर्यंत घासायची, हे काम त्यांच्या हातात असं बसलं होतं की मी कोरगावहून बस बदलत पोचेपर्यंत दोन स्लाइड तयार असत.

त्या दिवशी ते स्वतःच स्लाइड घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"बाय, माझो हात हललो वाटता. शिंपल्यातलो चिखल वाकडो दिसता."

मेलेल्या शिंपल्यात तळाला चुन्याचा चिखल साचतो, वरची पोकळी पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरते. चिखलाची वरची रेघ भांड्यातल्या पाण्यासारखी सपाट असते. मी एकच शिंपला पाहिला, रेघ तिरपी दिसली, आणि माझं टाळकं सटकलं. मुदत डोक्यावर आणि यांना आत्ताच वाकडं चिकटवायला सुचावं! तोंडाला येईल ते बोलले. काकांनी स्लाइड परत उचलली.

"परत करतंय," एवढंच म्हणाले.

सोमवारी त्यांनी त्याच दगडाच्या तीन नव्या स्लाइड टेबलावर ठेवल्या. रविवारची सुट्टी त्यात गेली होती.

"रागावू नको, बाय. माझो हात हललो असतो तर सगळे शिंपले एकाच बाजूक कलले असते. हय बघ, एक ह्या बाजूक, दुसरो त्या बाजूक. भिंतीची पातळी बघूक जन्मभर लेव्हलीची नळी धरलंय मी. ही चूक माझी नाय, दगडातच असा."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एकेक रेघ तपासत गेले, प्रत्येकीचा कल वेगळा. शिंपल्यांत चिखल आधी सपाटच साचला होता. मग ते शिंपले भिंतीपासून तुटून घरंगळले आणि जसे पडले तसे थांबले. म्हणजे हा दगड भिंतीचा नव्हताच, भिंतीखालच्या उतारावर कोसळलेल्या ढिगाऱ्याचा होता. जुन्या स्लाइड काढल्या, तर त्यांतही तेच. मला भिंत हवी होती, म्हणून मला भिंतच दिसत आली होती.

प्रकरण नव्याने लिहिलं, धापा टाकत. काका मागेन तितक्या स्लाइड देत राहिले. माफी मागायला गेले तर म्हणाले, "आधी काम पुरा कर गो."

तोंडी परीक्षा सर्वांना खुली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले होते. पडद्यावरच्या तिरप्या रेघांकडे बोट दाखवत परीक्षकांनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही आलं, सर," मी म्हटलं. "ज्यांच्या आलं त्यांना मी वाटेल तसं बोलले होते." आणि सगळ्यांसमोर काकांकडे वळून हात जोडले. एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

परीक्षकांनी पुढचा प्रश्न काकांना विचारला. काका उठून उभे राहिले आणि माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत उत्तर देऊ लागले.